जरा दम खा, पैलवान!

मराठीत 'दम' हा शब्द मोठा गमतीचा आहे. जिना चढून आलं की दम लागतो, काम फार झालं की दम निघतो, पोरांना दम भरावा लागतो आणि घाई करणाऱ्याला आपण 'जरा दम खा' म्हणून सांगतो. श्वास, ताकद, धाक आणि सबुरी, सगळं एका दोन अक्षरी शब्दात. ज्या कुणी हा शब्द असा वापरात आणला, त्याला कुस्ती नक्की ठाऊक असणार असं मला नेहमी वाटत आलं आहे. कारण कुस्तीला या चारही गोष्टी लागतात आणि त्यातली चौथी, म्हणजे दम खाणं, ही सर्वांत अवघड असते.

१९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकची हकीकत अनेकांनी वाचली असेल. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोत लढत होते. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून ते पुढं आले होते. जपानच्या शोहाची इशीबरोबरची त्यांची कुस्ती पंधरा मिनिटं रंगली आणि ती त्यांनी अगदी थोडक्यात गमावली. नियमाप्रमाणं दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण खाशाबांना लगोलग सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभं केलं गेलं. नियमावर बोट ठेवून 'आमच्या माणसाला अर्धा तास द्या' असं ठणकावून सांगायला भारतीय पथकातला एकही अधिकारी तिथं नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि आपल्या वाट्याला कांस्यपदक आलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो आणि बाळगायलाच हवा. पण मला त्या पदकापेक्षा तो न मिळालेला अर्धा तास जास्त छळतो.

कुस्तीची तयारी म्हटलं की आपल्यासमोर काय येतं? हजार बैठका, पाचशे जोर, घागरभर दूध, शेरभर बदाम. किती केलं, किती खाल्लं, याचे आकडे. आमच्या पिढीनं हे आकडे देवाच्या गोष्टींसारखे ऐकले. पण कष्ट करायला तयार असलेल्या पोरांची या मुलखात कधीच वाण नव्हती. वाण होती आणि आहे ती 'आता बास, आज विश्रांती' असं अधिकारानं सांगणाऱ्या माणसाची. आणि त्या विश्रांतीचा खर्च कुणी उचलायचा, या प्रश्नाच्या उत्तराची.

मी स्वतः पैलवान नव्हे. बँकेतल्या नोकरीनं ऐंशीच्या दशकात मला कोल्हापुरात नेलं आणि भाड्याची खोली मिळाली ती एका तालमीच्या पिछाडीला. पहाटे चारच्या सुमाराला गजराच्या घड्याळाऐवजी शड्डूच्या आवाजानं जाग यायची. सुरुवातीला वैताग आला. मग कुतूहल वाटू लागलं. पुढं पुढं मी चहाचा कप घेऊन तालमीच्या दारातल्या कट्ट्यावर जाऊन बसायला लागलो. तिथल्या वस्तादांनी पहिले पंधरा दिवस माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. सोळाव्या दिवशी म्हणाले, "सायेब, चप्पल भाईर काढा आणि आत येऊन बसा." माझं कुस्तीचं सगळं शिक्षण त्या एका वाक्यानं सुरू झालं.

तालमीतला दिवस बाहेरून बघणाऱ्याला नुसता घामाचा वाटतो. आधी फावड्यानं हौदा खणायचा. ती लाल माती साधी नसते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू असं काय काय मुरवलेलं असतं. माती खणून, वर-खाली करून ती लुसलुशीत करणं हाच पहिला व्यायाम. मग जोर, बैठका, सपाटे. दोरावर चढणं, कारण कुस्तीत पकड पहिल्यांदा बोटांत आणि मनगटात संपते. मग जोडीदाराबरोबर लढती. कुठल्या तालमीत लढती पहाटे, तर कुठं संध्याकाळी. पण एक गोष्ट सगळीकडं सारखी. मधल्या वेळात भरपेट जेवण, अंग रगडून घेणं आणि दुपारची गाढ झोप. शहरातल्या माणसाला ती झोप आळसाची वाटते. वस्ताद मात्र ती झोप बैठकांइतक्याच कडकपणे पाळायला लावायचे. दुपारी गावात भटकताना सापडलेल्या पोराला संध्याकाळी हौद्यात उतरायला मनाई असायची.

हा सगळा क्रम कशासाठी, हे समजायला आधी कुस्ती किती वेळ चालायची ते पाहावं लागतं. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची गाठ पडली, तेव्हा झिबिस्को बहुतेक वेळ जमिनीला पालथा चिकटून राहिला आणि ती कुस्ती अडीच तासांहून जास्त चालूनही निकाल लागला नाही. पुढं १९२८ साली पतियाळाला याच दोघांची पुन्हा लढत झाली आणि पन्नाशीला टेकलेल्या गामानं ती एका मिनिटाच्या आत संपवली. रोजच्या पाच हजार बैठका आणि तीन हजार जोर ही गामाबद्दलची आख्यायिका त्या जगातली आहे. घड्याळ न लावता, निकाल लागेपर्यंत चालणाऱ्या कुस्तीचं ते जग. तिथं तासन्‌तास पुरणारा दमसास हीच खरी पुंजी होती.

खाशाबांच्या वेळी ऑलिंपिकची कुस्ती पंधरा मिनिटांची झाली होती. आज गादीवरची, म्हणजे मॅटवरची, कुस्ती सहा मिनिटांची असते. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये फक्त तीस सेकंदांची उसंत. फ्रीस्टाईलमध्ये दहा गुणांची आघाडी मिळाली की सहा मिनिटंही लागत नाहीत. वेळ आखडत गेली, पण कुस्ती सोपी झाली नाही. अडीच तासांत पसरलेला जोर सहा मिनिटांत कोंबायचा म्हणजे प्रत्येक क्षणाची किंमत वाढली. पूर्वीची कुस्ती बैलगाडीच्या लांबच्या प्रवासासारखी होती, तर आजची चढावरच्या शर्यतीसारखी आहे.

शरीर हा हिशेब कसा भागवतं, हे मी माझ्या बँकेच्या भाषेत सांगतो. आपल्या स्नायूंजवळ ताकदीच्या तीन पुंज्या असतात. पहिली खिशातल्या सुट्या पैशांसारखी. हात घातला की मिळते, पण आठ-दहा सेकंदांत संपते. पटात शिरून समोरच्याला उचलायचा झटका या पुंजीतून येतो. दुसरी कपाटातल्या रोकडीसारखी. ती मिनिट-दोन मिनिटं पुरते, पण तिच्यावर व्याज जबर. हातपाय शिशासारखे जड होतात, छाती भात्यासारखी चालते. तिसरी पुंजी बँकेतल्या खात्यासारखी. तिच्यातून पैसे सावकाश निघतात, श्वासातल्या प्राणवायूशिवाय तो व्यवहार होत नाही, पण ती दीर्घकाळ पुरते. आणि खुबी अशी, की रिकामा झालेला खिसा पुन्हा भरतो तो या तिसऱ्या खात्यातूनच, तोसुद्धा जोर थांबतो किंवा मंदावतो त्या मधल्या क्षणांत. म्हणून निव्वळ ताकदवान पैलवान पहिल्या मिनिटाला भारी वाटतो आणि पाचव्या मिनिटाला उघडा पडतो. खडाखडीच्या चार सेकंदांत ज्याचा खिसा पुन्हा भरतो, तो शेवटच्या मिनिटाला डाव मारतो.

आमच्या वस्तादांना ही भाषा ठाऊक नव्हती, पण हिशेब पक्का ठाऊक होता. मोठ्या मैदानाची तयारी करणाऱ्या पैलवानावर ते एकामागून एक तीन-चार ताज्या दमाचे गडी सोडायचे. एक बाजूला झाला की लगेच दुसरा. पण प्रत्येक वेळी आधी त्या पैलवानाला जवळ बोलावून काहीतरी साधं विचारायचे. "सकाळी काय खाल्लंस रं?" "गावाकडं पाऊस झाला काय?" मला वाटायचं, म्हाताऱ्याला गप्पांची हौस आहे. नंतर उलगडा झाला. पोरानं सबंध वाक्य एका श्वासात पुरं केलं, तर पुढचा गडी उतरायचा. वाक्य तुटत तुटत आलं, तर त्याला हौद्याच्या कडेला बसवायचे. पोराच्या तोंडून 'दमलो' हा शब्द कधीच यायचा नाही. पैलवानाच्या पोरानं 'दमलो' म्हणायचं नसतं. म्हणून वस्ताद त्याला पावसाबद्दल विचारायचे.

आज क्रीडाशास्त्रात हीच पद्धत बोलण्याची चाचणी म्हणून वापरली जाते. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग या शास्त्रज्ञानं तर श्रम किती वाटतात याची ६ ते २० अशी मोजपट्टीच तयार केली. खेळाडूनं सांगितलेल्या आकड्याला दहानं गुणलं, की साधारण त्याच्या हृदयाचे ठोके निघतात. आणि थांबून थांबून केलेल्या जबर मेहनतीबद्दल जपानच्या इझुमी ताबाता यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग जगभर गाजला. वीस सेकंद जीव तोडून व्यायाम, दहा सेकंद थांबायचं, असे सात-आठ फेरे. सगळं मिळून चार मिनिटांचा खेळ. सहा आठवड्यांत त्या तरुणांची प्राणवायू वापरण्याची कुवत आणि प्राणवायूविना झटका देण्याची कुवत, दोन्ही वाढल्या. ताज्या दमाचे गडी सोडण्याची तालमीतली रीत याच जातीची. मात्र त्या प्रयोगाची नक्कल करणारे वीस सेकंद लक्षात ठेवतात आणि बाकीच्या दिवसभराची विश्रांती विसरतात. जीव तोडून केलेली मेहनत रोज दोन वेळा केली, तर ती जीव तोडूनच थांबते. जगभरातले जाणते प्रशिक्षक आठवड्यातले मोजकेच दिवस असे कडक ठेवतात आणि मधले दिवस हलके. कारण स्नायू हौद्यात तयार होत नाहीत. हौद्यात ते मोडतात, आणि तयार होतात ते झोपेत.

जुन्या काळी वर्षाचासुद्धा असाच ठेका होता. गावोगावच्या यात्रा-जत्रांचे फड हिवाळ्यापासून चैत्र-वैशाखापर्यंत रंगायचे. मग पावसाळा यायचा. कोल्हापूरचा पाऊस ज्यानं पाहिला आहे, त्याला सांगायला नको की त्या दिवसांत उघड्यावर फड लागणं शक्यच नसे. पैलवान गावाकडं जायचा, भात-लावणीला हात लावायचा, दुखरे सांधे बरे करायचा आणि मग तालमीत परतून नव्यानं मेहनतीचा पाया घालायचा. सोव्हिएत प्रशिक्षकांनी वर्षाचे असे भाग पाडून त्याचं शास्त्र केलं. आपल्याकडं ते काम पाऊस करत होता. आता बंदिस्त सभागृहं आहेत, गादी आहे, निवड चाचण्या आहेत, जिल्हा, राज्य, राष्ट्रीय स्पर्धा आहेत आणि वर यात्रांचे फडही आहेतच. महाराष्ट्र केसरीत तर गादी आणि माती असे दोन्ही विभाग असतात. पोराला दोन्हीकडं तयार राहावं लागतं. बारा महिने हंगाम म्हणजे बारा महिने उन्हाळा.

विश्रांतीचा हा प्रश्न व्यायामाचा जेवढा, तेवढाच पैशाचा असतो. हे मला तालमीत नाही, तर बँकेत समजलं.

त्या काळी एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली दुभत्या म्हशींसाठी कर्जं दिली जात. म्हैस विकत घ्यायची, तिचा विमा उतरायचा, कानात बिल्ला ठोकायचा आणि दूध संस्थेला घातलेल्या दुधाच्या बिलातून हप्ता वळता व्हायचा. एका गावातल्या खात्याचे हप्ते रखडू लागले, म्हणून मी चौकशीला गेलो. म्हैस गोठ्यात होती, बिल्ला कानात होता, अंगानं चांगली धष्टपुष्ट होती. मग दूध जातं कुठं? म्हशीचा मालक, पन्नाशीचा अल्पभूधारक शेतकरी, आधी घुटमळला आणि मग सरळ म्हणाला, "सायेब, म्हस काय कमी देत न्हाई. पर निम्मं दूध रोज यष्टीनं कोल्लापूरला जातंय. पोरगं तालमीत हाय."

ते पोरगं माझ्या खोलीपुढच्या तालमीतलंच निघालं. वीस वर्षांचं, अंगानं भरलेलं, पटात झपकन शिरणारं. हप्ता तुंबला आहे हे कळल्यावर त्यानं आपल्या परीनं तोड काढली. मिळेल त्या यात्रेच्या फडात तो उतरू लागला. आज या गावी, चार दिवसांनी त्या गावी. जिंकलेल्या इनामातले पैसे बाप आणून बँकेत भरायचा. आमच्या शाखेत सगळ्यांना कौतुक वाटत होतं. कौतुक न वाटणारा एकच माणूस होता. पोराची भूक कमी झाली आहे, झोप मोडते आहे, लढतीत तो क्षणभर उशिरा हलतो आहे आणि डावा खांदा लपवतो आहे, हे वस्तादांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्यांनी पोराला सांगून टाकलं, चार महिने मैदान बंद. बाप तालमीत येऊन रडला, भांडला. हप्ता कुठून भरू?

दुसऱ्या दिवशी वस्ताद आमच्या शाखेत आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पायांत करकरीत पायताण. मॅनेजरसाहेबांपुढच्या खुर्चीत ते बसले तेव्हा खुर्ची कुरकुरली. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"म्हस आटली की तुमी हप्ता मागत न्हाईसा, खरं न्हवं?"

खरं होतं. दुभत्या जनावरांच्या कर्जाची परतफेड ठरवताना भाकडकाळ धरूनच हप्ते बांधलेले असत. जनावर बारा महिने दूध देत नाही, हे सरकारला आणि बँकेला मान्य होतं.

"मग," वस्ताद म्हणाले, "म्हशीला भाकडकाळ देताय, पोराला नगं व्हय?"

मॅनेजरसाहेब हसले, आणि मग हसायचे थांबले. नियमात पोराचा भाकडकाळ बसत नव्हता. पण म्हशीचा जवळ आला होता, आणि तो धरून हप्ते पुढं सरकवणं नियमात बसत होतं. ते काम मी त्याच दिवशी केलं. मधले दोन हप्ते तरीही उरत होते. ते वस्तादांनी स्वतःच्या खिशातून भरले. पावती घेतली, नीट घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि जाता जाता मला म्हणाले, "बापाला सांगू नगा. त्यो ऐकून पोराला पुन्यांदा मैदानात पाठवंल."

तो मुलगा पुढं केसरी वगैरे झाला नाही. खांदा बरा झाला, सात-आठ वर्षं चांगल्या कुस्त्या केल्या, त्या जोरावर पोलिसात लागला. आज तो निवृत्त आहे आणि त्याचे दोन्ही गुडघे शाबूत आहेत. पैलवानाच्या साठीत ही गदेएवढीच मोठी कमाई समजावी.

विश्रांती हिरावली जाण्याचं आजचं मोठं कारण म्हणजे वजन. वजनगट हे न्यायासाठी केले. समान वजनाचे समान लढावेत. पण प्रत्यक्षात खेळाडू आपल्या नैसर्गिक वजनाच्या खालच्या गटात शिरायला बघतात आणि स्पर्धेच्या तोंडावर अंगातलं पाणी पिळून काढतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपण सगळ्यांनी ते पाहिलं. ६ ऑगस्टला विनेश फोगाटनं एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या, त्यात जपानच्या युई सुसाकीला हरवलं. त्या रात्री तिला झोपेची गरज होती. त्याऐवजी वजन उतरवण्यासाठी रात्रभर धडपड झाली, आणि सकाळी काटा ५० किलोच्या वर शंभर ग्रॅम थांबला. पदक गेलं. त्याच ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावतनं सुमारे दहा तासांत ४.६ किलो वजन उतरवलं आणि ५७ किलोत कांस्यपदक जिंकलं. आपण एकीसाठी हळहळलो आणि दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवल्या. पण दोघांची रात्र एकच होती, हे विसरता कामा नये. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महिन्याभराच्या अंतरात तीन महाविद्यालयीन मल्ल असंच वजन उतरवताना दगावले. बंद खोलीत, अंगावर रबरी कपडे चढवून, तहान मारून व्यायाम. त्यानंतर तिथले नियम बदलले. ऑलिंपिकमधले दिग्गज डॉक्टरांच्या देखरेखीत जे करतात, ते आपल्या तालुक्यातला पंधरा वर्षांचा मुलगा कुणाच्याही देखरेखीविना करत असतो. आता मुलीही मोठ्या संख्येनं या खेळात येताहेत. २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. उपाशी ठेवून वजन राखलेल्या मुलींची पाळी बंद पडते आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात, हे आईला माहीत असलंच पाहिजे.

ज्यांच्या घरात तालमीत किंवा व्यायामशाळेत जाणारं पोर आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजायला शिकवा. रोजच्यापेक्षा ती ठळकपणे वाढलेली राहू लागली, भूक मंदावली, झोप मोडू लागली, पोर चिडचिडं झालं, तर मेहनत कमी पडत नाही, जास्त होते आहे असं समजा. मित्रांच्या पैजेखातर एकदम शेकड्यांनी बैठका मारल्यावर लघवी काळपट चहासारखी झाली, तर ती उष्णता नव्हे. मोडलेल्या स्नायूंचा कचरा मूत्रपिंडात अडकू लागल्याची ती खूण आहे, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि कुणी लवकर अंग भरण्यासाठी इंजेक्शनाची वाट दाखवली, तर ती वाट बंद करा. ही औषधं हृदय आणि यकृताला दगा देतात, आणि वाढत्या वयात हाडांची वाढच लवकर थांबवतात. दूध-बदामाला वेळ लागतो खरा, पण वेळ लागणं हीच तर मेहनतीची अट आहे.

शेवटी प्रश्न उरतो तो खर्चाचा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं, हे आपण कौतुकानं सांगतो. पण त्यांनी मल्लांना आश्रय दिला, खुराकाची सोय लावली, हे त्याहून मोठं. हप्त्याची चिंता नसलेला पैलवान दुपारी निवांत झोपू शकत होता. संस्थानं विलीन झाली, राजाश्रय गेला. पुढं काही साखर कारखान्यांनी मानधन देऊन तो भार थोडाफार उचलला. खाशाबांच्या हेलसिंकीच्या प्रवासासाठी राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. मी हयातभर तारणं तपासली. जमीन, दागिने, पिकं, यंत्रं. पण दुसऱ्याच्या पोराच्या दमावर विश्वास ठेवून स्वतःचं घर तारण ठेवणारा माणूस माझ्या टेबलापुढं कधी आला नाही. आणि ऑलिंपिकचं पदक घेऊन परतलेल्या खाशाबांनी काय केलं? ते घर सोडवण्यासाठी पुन्हा कुस्त्यांच्या मैदानात उतरले. देशाला पदक देऊन आलेल्या माणसालाही आपण दम खाऊ दिला नाही.

आज प्रशिक्षण केंद्रं आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, गादीवरच्या कुस्तीचे चांगले जाणकार आपल्याकडं आहेत. तरीही खेड्यातून तालमीत येणारा बहुतेक पोरगा अजून बापाच्या म्हशीवर, आईच्या मजुरीवर आणि यात्रेतल्या इनामावरच उभा आहे. त्याला जास्त बैठका मारायला सांगणारे पुष्कळ भेटतील. म्हणून आपल्या मुलाला किंवा मुलीला कुणाच्या हाती सोपवण्याआधी त्या वस्तादाला किंवा प्रशिक्षकाला 'रोज किती जोर काढून घेता' असं विचारू नका. तो आकडा फुगवून सांगणं सोपं असतं. 'पोराला सुट्टी कधी देता, आणि ती कशावरून ठरवता' एवढंच विचारा. जो या प्रश्नाचं उत्तर अडखळता देईल, त्याला नमस्कार करून परत फिरा. जो एका श्वासात देईल, त्याच्या हवाली पोर निर्धास्त करा.